लेआउट इन्स्पेक्टर: बटण दिसतंय पण दाबलं जात नाही, अशा वेळी

अँड्रॉइड स्टुडिओतला (अँड्रॉइड ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमधला) लेआउट इन्स्पेक्टर म्हणजे ॲपच्या स्क्रीनवरचा कुठला घटक कोणाच्या आत आहे याचा ट्री दाखवणारं टूल. वेगळा डाउनलोड करायला लागत नाही, फुकट आहे, तरी बरेच जण यूआयचा, म्हणजे स्क्रीनवरच्या दिसण्या-दाबण्याचा, बग आला की लॉग (कोडने लिहिलेल्या नोंदी) टाकत बसतात. लॉगमध्ये काय कप्पाळ दिसणार?

परवाचंच घ्या. पेमेंटच्या स्क्रीनवर बटण ठसठशीत दिसतंय पण टॅप केलं तर ढिम्म, क्लिक लिसनरमध्ये (बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड थांबवायची खूण, टाकला तर तिथपर्यंत गाडी येतच नाही. शेवटी स्टुडिओतच फोनची स्क्रीन दाखवणाऱ्या रनिंग डिव्हाइसेसच्या विंडोत इन्स्पेक्टर लावून डीप इन्स्पेक्ट (क्लिक केलं की तिथला घटक निवडणारा मोड) चालू केलं, बटणावर क्लिक केलं आणि सिलेक्ट झाला भलताच एक फ्रेमलेआउट, म्हणजे इतर घटक ठेवायचा डबा! लोडिंग संपल्यावर त्याचा अल्फा 0 (पूर्ण पारदर्शक) केलेला पण व्हिजिबिलिटी व्हिजिबलच, वर क्लिकेबल ट्रू, म्हणजे साहेब अदृश्य होऊन सगळे टच गिळत बसलेले. व्हिजिबिलिटी गॉन केली, म्हणजे तो स्क्रीनवरून पूर्ण काढला, विषय संपला. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समधल्या लेआउट बाउंड्सने चौकटी दिसतात खऱ्या, पण कोणाची कुठली ते कळत नाही, इथे अल्फा, पॅडिंग, मार्जिन सगळं शेजारीच दिसतं. ट्री फार खोल असेल तर राइट क्लिक करून फक्त तेवढाच सबट्री ठेवायचा, डोकं शांत राहतं. थ्रीडीत थर सुटे करून बघायला मात्र आधी स्नॅपशॉट घ्यावा लागतो.

कंपोज (कोटलिन कोडमधूनच यूआय लिहायची अँड्रॉइडची पद्धत) वापरणाऱ्यांनी तर रीकंपोझिशनचे, म्हणजे घटक किती वेळा पुन्हा बनवला त्याचे, आकडे बघाच, लिस्ट नुसती स्क्रोल करताना एखाद्या आयटमचा आकडा धडाधड वाढायला लागला की चोर तिथेच सापडतो.

आता कटकटी. लाइव्ह अपडेट एपीआय 29 म्हणजे अँड्रॉइड 10 पासून पुढेच, ॲप डीबगेबल (तपासणीसाठी उघडं ठेवलेलं) हवं, त्यामुळे प्ले स्टोअरवरच्या बिल्डला हात लावता येत नाही. वेबव्ह्यूच्या (ॲपमध्ये वेबपेज दाखवणाऱ्या घटकाच्या) आतलं एचटीएमएलही दिसत नाही, त्याला क्रोमचं इन्स्पेक्ट. आयफोनवाले म्हणतील आमच्या एक्सकोडमध्ये (ॲपलच्या ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) डीबग व्ह्यू हायरार्की आहेच की, आहे, छानच आहे, पण त्यात ॲप थांबवून बघावं लागतं, इथे ॲप चालू असताना ट्री बदलताना दिसतो.

आणि एक, इन्स्पेक्टर जोडताना ॲक्टिव्हिटी (ॲपची चालू स्क्रीन) रीस्टार्ट होऊ शकते, मग चार स्क्रीन पार करून आणलेली स्टेट गेली उडत. त्यापेक्षा डेव्हलपर ऑप्शन्समध्ये व्ह्यू ॲट्रिब्यूट इन्स्पेक्शन आधीच चालू करून ठेवा.