‘निंबोळी दाणे’ म्हणून विकला युरिया: गच्चीवरच्या सेंद्रिय बागेची फसवणूक

पाकिटावर हिरव्या पानाचं चित्र, खाली ‘निंबोळीयुक्त सेंद्रिय दाणे’, वजन अर्धा किलो, किंमत 150 रुपये. आत निघाला युरिया. तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात 45 किलोच्या गोणीत साधारण 266 रुपयांना मिळतो तोच. एका गोणीची अर्ध्या किलोची नव्वद पाकिटं होतात, म्हणजे सरकारी अनुदानाच्या 266 रुपयांचे साडेतेरा हजार. पुण्यात गच्चीवर भाजी लावण्याची हौस वाढलीये आणि हा धंदा त्या हौसेच्या मागावर आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी ही पाकिटं विकणाऱ्याचा स्टॉल लागला होता. बोलायला गोड माणूस. ज्येष्ठांना ‘मावशी’, आम्हाला ‘ताई’, आणि तोंडात सतत ‘विषमुक्त’. दहा ग्रो बॅगा (झाडं लावायच्या पिशव्या), त्यात भरायचं तयार मिश्रण, ‘देशी’ बियाणं, निंबोळी दाणे, फवारणीची बाटली आणि महिन्यातून एकदा घरी येऊन बाग बघणं, सगळं मिळून साडेसहा हजार. माहितीपत्रकावर ‘इंडिया ऑरगॅनिक’चं बोधचिन्ह. आमच्या बिल्डिंगमधल्या बऱ्याच घरांनी घेतलं. पैसे क्यूआर कोडवर, तेही कुठल्या फर्मच्या नव्हे, व्यक्तीच्या नावावर. बिल मागितलं तर ‘व्हॉट्सॲपवर पाठवतो’.

आधी त्या बोधचिन्हाबद्दल. ते राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली प्रमाणित झालेल्या मालाला मिळतं: तांदूळ, डाळ, भाजी, मसाले. ग्रो बॅगा आणि खताची पाकिटं विकणाऱ्याच्या माहितीपत्रकाला ते मिळत नाही. आणि जिथे ते खरं असतं तिथे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव आणि क्रमांकही असतो. इथे नुसतं चित्र होतं, नेटवरून उचललेलं.

बाग सुरुवातीला झक्कास दिसत होती. टोमॅटोची पानं गर्द हिरवी, खोड अंगठ्याएवढं जाड, वांगी कंबरेपर्यंत. शेजारच्या काकू फोटो काढून लेकीला पाठवायच्या. फक्त फुलं येईनात. चुकून आलेली गळून जायची. आणि पानांच्या मागे मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, असा काही चिकटला होता की बोट लावलं तरी चिकट व्हायचं. त्याला फोन केला तर म्हणाला, ‘ताई, दाणे अजून एक मूठ टाका.’ टाकले. मेथीची पानं कडेनं करपली.

उलगडा केला माझ्या मामांनी. ते तासगावकडचे, द्राक्षबागायतदार, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्यात आले होते. गच्चीवर टोमॅटो बघून म्हणाले, ‘झाड माजलंय की. काय घालतीस ह्याला?’ मी पाकीट दिलं. त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले, नाकाशी नेले आणि हसायलाच लागले. ‘अगं, हा युरिया हाय! नीम कोटिंगचा. आम्हाला मशीनवर अंगठा लावून मिळतोय, वर दुकानदार दुसऱ्या दोन पिशव्या गळ्यात मारतोय. आणि तू पाकिटातनं आणतीस होय?’

इथेच सगळी मेख आहे. 2015पासून देशात शेतीसाठी विकल्या जाणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा थर देणं बंधनकारक आहे. नत्र (नायट्रोजन) सावकाश सुटावं आणि अनुदानाचा युरिया कारखान्यांकडे वळू नये, हे त्यामागचं कारण. त्यामुळे त्या दाण्यांना खरोखरच कडुनिंबाचा वास येतो, रंगही पांढराशुभ्र नसून किंचित पिवळट असतो. शहरातल्या माणसाने वास घेऊन खात्री केली तरी ती खोटीच ठरते. माझ्या मते या माणसाची सगळी अक्कल या एका गोष्टीत होती.

मामांनी लगेच स्वयंपाकघरात करून दाखवलं. अर्धा ग्लास पाणी, त्यात दोन चमचे दाणे, आणि ढवळायला लावलं मला. बघता बघता ग्लास बाहेरून गार पडला, माठातलं पाणी ओतावं इतका. युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो, म्हणून. थोड्या वेळात दाणे पूर्ण नाहीसे, तळाला काही नाही. खरी निंबोळी पेंड, म्हणजे निंबोळ्यांचं तेल काढल्यावर उरणारा चोथा, असं करत नाही. ती तपकिरी, खरबरीत भुकटी असते, पाण्यात विरघळत नाही, तळाला गाळ बसतो, पाणी मातकट होतं आणि वास असा येतो की खिडकी उघडावी लागते. पेंडेच्या दाबून केलेल्या गोळ्याही मिळतात, पण त्या पाण्यात फुगून फुटतात, गायब होत नाहीत. तुमच्याकडे असलं पाकीट असेल तर हा प्रयोग आत्ता करून बघा. ग्लास धुऊन टाकायला विसरू नका.

युरियात 46 टक्के नत्र असतं. कुंडीएवढ्या मातीत त्याची मूठ म्हणजे पानांची नुसती चंगळ, फुलांच्या नावाने शंख, आणि लुसलुशीत पानांवर माव्याला आमंत्रण. पालक-मेथीसारख्या पालेभाज्यांत जास्तीचं नत्र नायट्रेटच्या रूपात साठतं, ते वेगळंच. एक सांगते, युरिया म्हणजे विष नव्हे. मंडईतली बहुतेक भाजी त्यावरच वाढते आणि आपण ती खातो. माझं भांडण खोटं नाव लावून पन्नासपट पैसे उकळण्याशी आहे.

एकदा संशय आल्यावर बाकीचं सामानही उलटंपालटं केलं. मिश्रणात ‘पन्नास टक्के गांडूळखत’ सांगितलं होतं. चांगलं गांडूळखत हाताला हलकं लागतं, वापरलेल्या चहाच्या चोथ्यासारखं मोकळं, आणि घाण वास अजिबात येत नाही. आमच्या बॅगेत होती काळी माती आणि थोडा भुसा. पाणी सुकलं की बॅगेच्या कडेने बोटभर भेग पडायची आणि पुढचं पाणी त्या भेगेतून थेट खाली गच्चीवर.

‘देशी’ बियाणं गुलाबी होतं. तेव्हा विचारलं तर म्हणाला, ‘बीजामृत चोळलंय.’ बीजामृतात शेण, गोमूत्र, चुना आणि माती असते. त्याने बी गुलाबी होत नाही. बियांना असा भडक गुलाबी रंग बुरशीनाशक लावल्याची खूण म्हणून देतात, थायरम वगैरे, म्हणजे कोणी ते बी चुकून खाऊ नये. पाकिटावर औषधाचं नाव, उगवणीची टक्केवारी आणि मुदत छापलेली असायला हवी. आम्हाला मिळालं झिप लावलेल्या कोऱ्या पिशवीत.

फवारणीची बाटलीही बिनलेबलची. त्यातलं पाणी मारलं आणि तासाभरात मावा पटापट खाली पडला, तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली होती. कडुनिंबाचं औषध असं काम करत नाही. त्याने कीड खाणं सोडते, तिची वाढ खुंटते, परिणाम दिसायला काही दिवस जातात. नोंदणी असलेल्या बाटलीवर ॲझाडिरॅक्टिनचं, म्हणजे कडुनिंबातल्या कीडनाशक घटकाचं, प्रमाण लिहिलेलं असतं, 300, 1500 किंवा 10000 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), शिवाय नोंदणी क्रमांक आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण. आमच्या बाटलीवर मार्करने ‘नीम’ लिहिलं होतं. आत नेमकं काय होतं ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून बॅगांमधली सगळी पालेभाजी उपटून कचऱ्यात टाकली.

त्याला फोन लावला. आधी म्हणाला, ‘ताई, नीम कोटेड म्हणजे नीमच की.’ मग म्हणाला कंपनीने तसा माल दिला. कंपनीचं नाव विचारल्यावर फोन ठेवला, आणि त्यानंतर आमच्यापैकी कोणाचाच नंबर लागेना.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिल नव्हतं, पण यूपीआयचा व्यवहार आणि व्हॉट्सॲपवरची जाहिरात जोडली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, तोही रस्ता आम्ही सगळ्यांनी मिळून धरायचं ठरवलंय. कृषी खात्याच्या कार्यालयातही गेलो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं. परवान्याशिवाय, गोणी फोडून, दुसऱ्या नावाने युरिया विकणं हा खत नियंत्रण आदेश 1985 आणि जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणाले. पण आपण घरी फोडलेलं पाकीट कायदेशीर नमुना म्हणून चालत नाही. खत निरीक्षकाने स्वतः विक्रेत्याच्या साठ्यातून नमुना घ्यावा लागतो.

म्हणून तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘रविवारी सेंद्रिय परसबाग स्टॉल’ असा मेसेज आला, तर विक्री परवाना आणि छापील बिलाची चौकशी आदल्या दिवशीच करा. टाळाटाळ झाली तर कृषी खात्याच्या गुणनियंत्रण विभागाला तेव्हाच फोन करून स्टॉलची वेळ आणि पत्ता सांगा. स्टॉल उठल्यावर नमुना घ्यायला मागे काही राहत नाही.