सर्किट बेंचजवळची मिसळ आणि भिंतीवरचा टीव्ही

पाटी अजून रंगवायची राहिलीय, म्हणून नाव सांगता येत नाही. कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टापासून चालत दोन मिनिटं. मी वकिलांचा कारकून. 18 ऑगस्ट 2025ला इथं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. त्याआधी कागदांची पिशवी घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबई गाठायची आणि फोर्टात उभ्या उभ्या वडापाव खायचा. आता बोर्डावर नंबर लांब दिसला की इथं येऊन बसतो.

मिसळ 80 रुपये. मटकी शिजलेली पण अखंड, फरसाण शेवटी घालतात म्हणून लगदा होत नाही. कट दिसायला पातळ, तिसऱ्या घासाला कानामागं घाम. सोबत ब्रेडच्या स्लाइस. पाव मागणारा पक्षकार बेंचच्या सहा जिल्ह्यांपैकी कुठला, याचा मालक मनातल्या मनात अंदाज बांधत असतात. कट दोनदा मिळतो, तिसऱ्यांदा मागितला की कपाळाला आठी.

तक्रार टीव्हीची. परवा हायकोर्टाच्या एका निवृत्त न्यायमूर्तींची मुलाखत लागली होती. न्यायमूर्ती निवडणारं कॉलेजियम, रिक्त जागा वगैरे. मालकांनी आवाज वाढवला आणि वाढपी पोरगं माझ्या कटाचं भांडं हातात घेऊन तिथंच खिळलं. शेजारच्या टेबलावर साताऱ्याकडचे एक आजोबा. "जज्जसाहेब असं टीव्हीवर बोलत्यात व्हय?"

आमच्या वकीलसाहेबांना एवढं निमित्त पुरतं. म्हणाले, निवृत्त आहेत, बोलतील. पदावर असलेल्यानं मुलाखत द्यायची नाही, त्याचा निकाल बोलला पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींनी 1997 सालीच ठराव करून ठेवलंय. मग गाडी कलकत्त्याला गेली. तिथल्या हायकोर्टाचे न्या. अभिजित गंगोपाध्याय यांनी शिक्षक भरतीचं प्रकरण पुढ्यात असताना 2022 मध्ये चॅनेलला मुलाखत दिली. एप्रिल 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते प्रकरण दुसऱ्या न्यायमूर्तींकडे द्यायला लावलं. 2024 ला राजीनामा देऊन गंगोपाध्याय लोकसभेला उभे राहिले, निवडूनही आले.

आजोबा म्हणाले, "म्हंजे मुलाखतीनं बरंच झालं की वो त्यांचं!"

वकीलसाहेब गप्प. गेल्या वीस वर्षांत मी हे फार कमी वेळा पाहिलंय.

तोवर माझी मिसळ गार. आवाज कमी करा म्हटलं तर मालक म्हणाले, "जाहिरात लागली की करतो."

मिसळीला साडेचार स्टार, अर्धा टीव्हीनं खाल्ला. दहाच्या आत या. लंच टायमाला काळ्या कोटांतून वाट काढावी लागते.