पेपर कुठे टाकायचा: बिनफीचं जर्नल, ओपन ॲक्सेस की कॉन्फरन्स?

दिवाळी संपली की एमटेक-पीएचडीवाल्यांचा एकच धोशा, पेपर कुठे टाकू. माझं स्पष्ट मत आहे की हे टॉपिकवरून कमी आणि हातात किती महिने आहेत, पैसे कोण भरणार यावरून जास्त ठरतं.

वेळ असेल तर सबस्क्रिप्शनवालं जर्नल, म्हणजे जिथे पैसे वाचणारा भरतो. इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं 'साधना' घ्या किंवा एल्सेविअरची हायब्रिड (दोन्ही पर्याय देणारी) जर्नल्स घ्या, ओपन ॲक्सेसचा, म्हणजे लेखकाने फी भरून पेपर सगळ्यांना फुकट खुला करायचा, ऑप्शन घेतला नाही तर साधारणपणे फी पडत नाही. पण वाट बघायची तयारी ठेवा, दोन राउंड रिव्हिजन झालं तर वर्षसुद्धा सहज जातं. "पेवॉलमागे (पैसे भरल्याशिवाय न उघडणारा) पेपर कोण वाचणार" हे रडगाणं मात्र आता निम्मंच खरं, कारण जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेमुळे सरकारी संस्थांना हजारो जर्नल्स उघडली आहेत. खासगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत, आणि पुण्यात तीच ढिगाने.

घाई असेल आणि प्रोजेक्टमधून पैसे निघत असतील तर आयईईई ॲक्सेस, म्हणजे आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेचं ओपन ॲक्सेस जर्नल. फी दोन हजार डॉलरच्या आसपास, स्टायपेंडमधून भरायचा विचारही करू नका. निकाल ४ ते ६ आठवड्यांत द्यायचं त्यांचं टार्गेट असतं, पण तिथे ॲक्सेप्ट नाहीतर रिजेक्ट, मधलं मेजर रिव्हिजन वगैरे नाही. म्हणजे अर्धकच्चा ड्राफ्ट टाकून रिव्ह्यूअरकडून शिकू म्हणाल तर ती सोय इथे नाही.

आणि खरं सांगू का, ड्राफ्ट कच्चा दिसतो तो बहुतेक वेळा आकृत्यांमुळे. मॅटलॅबचा ग्राफ स्क्रीनशॉट काढून वर्डमध्ये चिकटवायचा, लॅपटॉपवर झकास दिसतो, पण आयईईईच्या दोन कॉलमच्या टेम्प्लेटमध्ये एक कॉलम जेमतेम साडेतीन इंचाचा, त्यात ॲक्सिसवरचे आकडे मुंग्यांएवढे होतात आणि युनिट तर दिसतच नाही. ग्राफ आधीच त्या रुंदीचा बनवा, फॉन्ट ८ पॉइंट ठेवा, पीडीएफमध्ये एक्सपोर्ट करून ओव्हरलीफमध्ये (ऑनलाइन लेटेक एडिटर) घाला.

कॉन्फरन्स कधी? तारीख गळ्याशी आली असेल आणि काम पाच-सहा पानांचं असेल तेव्हा. पुढे तेच वाढवून जर्नलला देता येतं, फक्त नवीन रिझल्ट हवेत आणि जुन्या पेपरचा संदर्भ दिलेला हवा.

राहिले व्हॉट्सॲपवर येणारे "स्कोपस (जर्नल्सची मोठी डेटाबेस-यादी), ७ दिवसांत ॲक्सेप्टन्स" वाले. लांब राहा. कोणी अजून यूजीसी केअरचा, म्हणजे यूजीसीच्या मान्य जर्नल्सच्या यादीचा, शिक्का दाखवत असेल तर ती यादी यूजीसीनेच फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली (त्या यादीचं बरंचसं काम आपल्याच पुणे विद्यापीठात चालायचं). स्कोपसच्या साइटवर जाऊन आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) टाकून बघा, नुसतं नाव बघू नका, सेम नावाच्या डुप्लिकेट साइट्स असतात. शिवाय २०२२ च्या नियमांत यूजीसीने पीएचडीसाठी पेपरची सक्ती काढली आहे, पण विद्यापीठं स्वतःची अट ठेवू शकतात, त्यामुळे रिसर्च सेंटरला विचारा, मित्राला नको.

जूनमध्ये थिसिस द्यायचा असेल तर कॉन्फरन्स, वर्ष हातात असेल तर साधनासारखं जर्नल, आयईईई ॲक्सेस फक्त गाइडने फीचं लेखी कबूल केलं तर. आणि एकच पेपर एका वेळी दोन ठिकाणी टाकायचा नाही, सापडलात तर दोन्हीकडून बाद.