बोहरी आळीतले काळे स्प्रिंग वॉशर

पिठाच्या गिरण्या बसवणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा, त्यामुळे स्प्रिंग वॉशर, म्हणजे नट ढिला होऊ नये म्हणून त्याच्याखाली घालायची एका जागी कापलेली पोलादी कडी, मला किलोवर लागतात. सध्या पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीतल्या एका जुन्या दुकानातून आयएस ३०६३ (स्प्रिंग वॉशरचं भारतीय मानक) चे काळे, तेलकट वॉशर आणतो. माल चांगला आहे. का चांगला ते सविस्तर सांगतो, कारण बरंचसं गिऱ्हाईक चकाकी आणि भाव बघून पाकीट उचलतं.

एम १०, म्हणजे १० मिमी बोल्टचा वॉशर घ्या. भोक १०.२ मिमी, जाडी २.२. टेबलावर ठेवला की कापलेली दोन टोकं वर-खाली दिसली पाहिजेत आणि एकूण उंची जाडीच्या निदान दुप्पट भरली पाहिजे. नवीन लॉट आला की त्यातले मूठभर मी व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंजात) पार सपाट दाबून सोडतो. हे टुणकन परत उघडतात. हलका माल दबला की दबलेलाच राहतो, म्हणजे फट असलेला साधा वॉशरच झाला तो. मग पिळून बघतो: एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं पान्यात, आणि काटकोनापर्यंत पीळ. या दुकानातला अजून तुटलेला नाही.

सगळा फरक पोलादात आणि भट्टीत. स्प्रिंगच्या पोलादात कार्बन साधारण ०.६ ते ०.७५ टक्के असतो. साध्या लोखंडी तारेला तेवढा नसतो, ती कितीही लाल करून तेलात बुडवा, कडक होत नाही. तारेचा छेद मुद्दाम किंचित समलंब ठेवतात, कारण वेटोळं घालताना आतली बाजू दबून जाड होते, बाहेरची ताणून पातळ, आणि छेद बरोबर आयताकृती उतरतो. मग वेटोळी कापून सुटी करायची, ८५० अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवायची. इथे वॉशर काचेसारखा ठिसूळ असतो. पुन्हा चारशे अंशांच्या वर तापवून टेंपरिंग केलं की त्यात लवचिकपणा येतो. टेंपरिंगमध्ये घाई झाली तर तुटणार, जास्त झालं तर मऊ पडणार.

जस्ताचा मुलामा दिलेले वॉशर मी बंद केले. मागे दुसरीकडून आणलेल्या पाकिटातला एक हडपसरच्या गिरणीत मोटरच्या पायाखाली दोन तुकडे होऊन पडला होता. घट्ट करताना अख्खा होता. मोडलेली कड दाणेदार, वाकल्याची खूण कुठे नाही. अ‍ॅसिडमध्ये धुताना आणि मुलामा चढवताना कडक पोलादात हायड्रोजन शिरतो. तो काढायला लगेच २०० अंशांच्या आसपास काही तास भाजावं लागतं. ते भाजणं वाचवलं की वॉशर ताणाखाली बसल्या जागी तडकतो. काळ्या मालावर गंज लवकर येतो हे खरं, पण गिरणी कोरड्या जागेत असते, तेलाचा हात पुरतो.

मात्र वॉशर चांगला म्हणून बोल्ट ढिला होणारच नाही, असं समजू नका. गेरहार्ट युंकर या जर्मन इंजिनियरने १९६९ मध्येच दाखवून दिलं होतं की आडव्या हादऱ्याने नट आपोआप फिरून सुटतो, आणि पूर्ण दाबला गेलेला स्प्रिंग वॉशर त्याला फारसा अडवत नाही. म्हणून जात्याच्या बाजूला, जिथे हादरा सगळ्यात जास्त, तिथे मी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आटे घट्ट धरणारा नट) लावतो. मोटरचा पाया, पट्ट्याचं गार्ड, स्विचची पेटी इथे हे वॉशर.

दुकानदार काका माप न विचारता पाकीट पुढे करत नाहीत, बोल्ट दाखवा म्हणतात, हे मला आवडतं. तक्रार एकच: सुटा माल किलोवर घेतला तर त्यावर बॅच नंबर नसतो, आणि एखादा लॉट बिघडला तर मागे शोधायला काही उरत नाही. त्यांना तसं सांगितलंय. तोवर पुड्यावर तारीख घालून ठेवतो आणि जुना पुडा संपल्याशिवाय नवा फोडत नाही.