हायडेलबर्ग की ट्युबिंगन?

आईबाबा, मुलं आणि एखादं मित्रकुटुंब असा गोतावळा घेऊन जर्मनीतल्या नेकार नदीकाठी दिवस काढायचा, तर ही दोन विद्यापीठांची गावं डोळ्यांसमोर येतात.

हायडेलबर्गला पाहण्यासारखं जास्त. फ्रेंच फौजांनी १६८९ आणि १६९३ मध्ये उद्ध्वस्त केलेला किल्ला, तिथवर नेणारी डोंगररेल्वे (गुडघेदुखीवाल्यांची सोय!), आणि तळघरातलं १७५१ सालचं सुमारे सव्वादोन लाख लिटरचं लाकडी पिंप. मुलं त्यापुढून हलत नाहीत. आपल्यासाठी आणखी एक धागा: खंडोबा आणि धनगरांच्या परंपरांचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर इथल्याच विद्यापीठात शिकवायचे. पण मुख्य रस्त्यावर पर्यटकांची झुंबड असते आणि दहा जणांना एकत्र ठेवता ठेवता दमछाक होते.

ट्युबिंगनला 'हे पाहिलं, ते राहिलं' असं होत नाही. लांब बांबूसारख्या काठीने ढकलत नेणाऱ्या सपाट होडीत तासभर बसायचं. वाटेत पिवळा मनोरा दिसतो. कवी होल्डरलिनने आयुष्याची शेवटची ३६ वर्षं तिथे काढली. मग बेटावरच्या झाडांच्या सावलीत डबा उघडायचा. डबा नसेल तर चीज घातलेले श्पेट्झ्ले (मैदा-अंड्याचे जाडसर नूडल्स) मागवा. आत मांस नाही ना, एवढं विचारून घ्या. होड्या मात्र उन्हाळी हंगामातल्या.

पाहुणे पहिल्यांदाच जर्मनीत आले असतील तर हायडेलबर्ग. गप्पाच मारायच्या असतील, तर माझं मत ट्युबिंगनला.