अबुधाबीचं अब्राहमिक फॅमिली हाऊस, आईला घेऊन गेलो होतो

आई सध्या माझ्याकडे आलीय, मॉल बघून बघून ती कंटाळली मग म्हटलं चल सादियात आयलंडला जाऊ, लूव्र म्युझियमच्या जवळच आहे. एकाच आवारात मशीद, चर्च आणि सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तिन्ही धर्म अब्राहमला मूळपुरुष मानतात म्हणून नाव अब्राहमिक. पोप फ्रान्सिस आणि इजिप्तमधल्या अल अझहर या इस्लामी विद्यापीठाचे इमाम अहमद अल तय्यब यांनी २०१९ ला अबुधाबीत मानवी बंधुतेच्या करारावर सह्या केल्या त्यातून हे उभं राहिलं, मार्च २०२३ पासून सगळ्यांना खुलं आहे. एन्ट्री फ्री, ऑनलाइन बुकिंग करून जा.

तिन्ही इमारती ३० मीटर लांब, रुंद आणि उंच, कोणी कोणापेक्षा बोटभरही मोठी नाही. पण एका रांगेत नाहीत, थोड्या तिरक्या ठेवल्यासारख्या दिसतात कारण मशिदीचं तोंड मक्केकडे, सिनेगॉगचं जेरुसलेमकडे आणि चर्चचं पूर्वेला. मला हेच फार म्हणजे फारच आवडलं, सगळं एकत्र कालवून टाकलेलं नाही, ज्याची दिशा त्याला ठेवलीय आणि मधली बाग तेवढी सगळ्यांची.

मशिदीत आईने चपला काढल्या, ओढणी डोक्यावरून घेतली, "देवळातही घेतोच की" म्हणाली. जाळीतून ऊन येतं त्याची नक्षी भिंतीवर पडते, ती बघत बराच वेळ उभी होती. चर्चमध्ये वरून लाकडाच्या पट्ट्याच पट्ट्या खाली आल्यात, छान आहे. सिनेगॉगमध्ये वर ब्राँझची जाळी तंबूसारखी लावलीय, आई बघून म्हणाली मांडवच घातलाय की गं बाई.

आणि मग ती गाईडशी बोलायलाच लागली, मी मध्ये इंग्रजी करून सांगत होतो. आई अलिबागची, तिथे इस्राएल आळी आहे, सिनेगॉग आहे. बेने इस्राएल म्हणजे आपले कोकणातले ज्यू लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे, घरात बोलायचे मराठीच. गाईडने हे वहीत लिहून घेतलं, मला इतकं भारी वाटलं काय सांगू.

एकच सल्ला, डे पॅकेजमधून जाऊ नका, आम्ही ज्यांच्याकडून गेलो त्यांनी जेमतेम एक तास दिला आणि बागेत बसायचं राहूनच गेलं. तीन तास तरी काढा, उन्हाळ्यात संध्याकाळीच जा.

पाचपैकी पाच. रात्री आई अलिबागला मावशीला फोन लावून विचारत होती, अगं आपल्या आळीतल्या सिनेगॉगमध्ये आत जाऊ देतात का, इतकी वर्षं शेजारी राहून मी कधी गेलेच नाही.