पानांखालची जमीन हवी की नको? मुंबई परिसरात ड्रोनने त्रिमितीय नकाशा करताना कॅमेरा आणि लायडार

गोराईचा वाळूचा पट्टा, जुनी दगडखाण, उघडा कातळकडा किंवा मे महिन्यातला बोडका डोंगर मोजायचा असेल तर कॅमेरा पुरतो. लायडारवर, म्हणजे लेझरच्या झोताने अंतर मोजणाऱ्या यंत्रावर, पैसे घालवू नका. झाडीखालचा ओढा, पायवाट किंवा घळ हवी असेल तर मात्र कितीही मेगापिक्सेल वाढवले तरी उपयोग नाही. फोटोला जे दिसत नाही त्याची उंची निघत नाही.

कॅमेऱ्याचं गणित आधी करून पाहा. चार-तृतीयांश सेन्सर, २० मेगापिक्सेल आणि मेकॅनिकल शटर असलेला डीजेआय या चिनी कंपनीच्या मॅव्हिक ३ एंटरप्राइजसारखा ड्रोन १०० मीटरवरून एका पिक्सेलमध्ये सुमारे २.७ सेंटिमीटर जमीन टिपतो. ओव्हरलॅप (शेजारच्या फोटोंत सामाईक येणारा भाग) पुढे ८० आणि बाजूला ७० टक्के धरला तर ४० हेक्टरला साधारण साडेचारशे फोटो लागतात. झाडीवर हाच ओव्हरलॅप ८५ आणि ८० लागतो, कारण वाऱ्याने पानं हलली की सॉफ्टवेअरला जोड सापडत नाहीत. म्हणजे फोटो दुप्पट.

येऊरसारख्या उतारावर बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. उड्डाणाच्या जागेपासून १०० मीटर उंची कायम ठेवली आणि डोंगर ६० मीटर चढला, तर माथ्यावर ड्रोन फक्त ४० मीटरवर उरतो. बाजूचा ७० टक्के ओव्हरलॅप तिथे जेमतेम २५ होतो आणि नेमका माथा मॉडेलमध्ये भोकांचा येतो. टेरेन फॉलो (जमिनीच्या चढउताराप्रमाणे ड्रोनची उंची बदलणारी सोय) चालू ठेवा, पण त्यामागचा उंचीचा डेटा बहुधा ३० मीटर जाळीचा असतो. त्यात सुळका किंवा उंच झाड धरलेलं नसतं, म्हणून मोकळी जागा भरपूर सोडा.

दुसरा घोळ सहज दिसत नाही. सगळे फोटो सरळ खाली बघणारे असले आणि जमिनीवर खुणा नसल्या, तर सपाट भाग बशीसारखा वाकलेला निघतो. थोडे फोटो तिरके घ्या आणि किमान पाच कंट्रोल पॉइंट (जागा अचूक मोजलेल्या जमिनीवरच्या खुणा) ठेवा: चार कोपऱ्यांत, एक मध्ये, उंच आणि सखल दोन्ही भागांत. याशिवाय नकाशा पडताळायला तीन-चार चेक पॉइंट वेगळे मोजा आणि ते प्रोसेसिंगमध्ये घालू नका. आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा देणारं जीपीएस) आहे म्हणून चेक पॉइंट टाळणाऱ्याचा अहवाल घेऊ नये.

लायडारमध्ये लेझरचा झोत पानांच्या फटींतून जातो. काही भाग शेंड्यावरून, काही फांदीवरून, काही जमिनीवरून परततो. डीजेआयचा झेनम्यूज एल१ हा लायडार एका झोताचे असे तीन रिटर्न (परतलेले भाग) नोंदवतो, एल२ पाच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दाट घळीत जमीन मिळते ती यातल्या शेवटच्या रिटर्नमधून. त्रास निराळे: ड्रोनचा कल आणि हालचाल मोजणारं आयएमयू नीट कॅलिब्रेट झालं नाही तर शेजारच्या पट्ट्या जुळत नाहीत आणि एकाच कातळाचे दोन थर दिसतात. जमीन वेगळी काढणाऱ्या फिल्टरची जाळी फार बारीक ठेवली तर कारवीची झुडपंच जमीन म्हणून धरली जातात. फार मोठी ठेवली तर कड्याची धार छाटली जाते. उंचीचा काप काढून डोळ्यांनी तपासल्याशिवाय फिल्टरवर विश्वास ठेवू नका.

पानगळीचा फायदा घेतला तर लायडारचा खर्च कधीकधी वाचतो. उद्यानातला सागवानाचा भाग मार्च ते मेमध्ये बराच उघडा पडतो आणि फोटोंतूनही जमीन बऱ्यापैकी सापडते. घळींतल्या सदाहरित झाडांना मात्र हा उपाय लागू नाही.

कांदळवन हे दोघांच्याही परीक्षेचं ठिकाण. तिवरं पानं गाळत नाहीत, पाण्यावर फोटो जुळत नाहीत आणि नेहमीच्या लायडारचा इन्फ्रारेड झोत पाणी शोषून घेतं. ओहोटीलाच उडवावं लागतं. उधाणाची ओहोटी चांगली उतरते, पण अमावास्या-पौर्णिमेला ती सकाळी सहाच्या सुमारास असते. लायडारला चालेल, कॅमेऱ्याला उजेड कमी पडतो. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा कोळ्यांचा हिशोब इथे कामाला येतो: तृतीयेला भरती सव्वादोनच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या. पाणीही बरंच उतरलेलं आणि उजेडही आहे. नक्की वेळ भरतीच्या तक्त्यावरून घ्या. ठाणे खाडीत फ्लेमिंगो असताना उडवायचा विचार सोडा. घारी तर वर्षभर ड्रोनवर झेपावतात.

यंत्र निवडण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन-क्षेत्रांचा नकाशा उघडा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवाना मर्यादा २०० फूट, म्हणजे सुमारे ६० मीटर आहे. १०० ऐवजी ६० मीटरवरून तेवढाच भाग टिपायला पावणेतीन पट फोटो लागतात. त्याहून जवळ परवानगी लागतेच. अंधेरीचा गिल्बर्ट हिल तिरक्या फोटोंसाठी सुरेख विषय, पण तो जुहू आणि सांताक्रूझ या दोन विमानतळांच्या कुशीत आहे. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यासाठी वन विभागाची परवानगी वेगळी, पोलिसांचे मनाई आदेश वेगळे. लायडार वाहणारा ड्रोन बहुधा २ किलोच्या वर, म्हणजे ‘स्मॉल’ गटात जातो आणि त्याला प्रमाणपत्रधारक पायलट लागतो. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, तेव्हा वरच्या परदेशी मॉडेलांच्या भरवशावर बेत आखू नका.

वर्षातून अनेकदा तीच जागा मोजायची असेल तर कॅमेरा विकत घ्या, लायडार भाड्याने बोलवा. करारात फक्त अंतिम नकाशा न मागता कच्च्या लेझर फाइल, ट्रॅजेक्टरी (ड्रोनच्या मार्गाची नोंद) आणि बेस स्टेशनचा (जमिनीवरच्या स्थिर जीपीएसचा) लॉगही मागा, म्हणजे पट्ट्या न जुळल्यास पुन्हा प्रोसेस करता येईल. उंची कशापासून मोजली तेही लिहून घ्या: जीपीएसची उंची एलिप्सॉइडपासून (पृथ्वीच्या गणिती आकारापासून) असते आणि मुंबईत समुद्रसपाटी त्या मोजमापात उणे ६० मीटरच्याही खाली येते. करारात हेही मागा: निर्देशांक यूटीएम ४३ उत्तर या नकाशा-पद्धतीत, उंची समुद्रसपाटीपासून, आणि जिऑइड (समुद्रसपाटीचं मॉडेल) कोणता वापरला त्याचं नाव.